रेआल अकादेमियाची फुकट डिक्शनरी : स्पॅनिशमध्ये 'बस', 'बसा' शिकायचं असेल तर तळाचा चौकोन बघा

आधीच सांगते, हा अख्ख्या डिक्शनरीचा रिव्ह्यू नाहीये. रेआल अकादेमिया एस्पान्योला म्हणजे माद्रिदची ती 1713 सालची भाषेची संस्था, तिची ऑनलाइन डिक्शनरी आहे, त्यात कुठलंही क्रियापद शोधलं की त्याच्या सगळ्या रूपांचं टेबल मिळतं आणि त्या टेबलाच्या अगदी तळाशी 'इम्पेरातीबो' असा एक छोटा चौकोन असतो. इम्पेरातीबो म्हणजे आपला आज्ञार्थ. कर, ये, जा, सांग हे जे आपण दिवसभर एकमेकांना म्हणत असतो ते. जेमतेम चार ओळींचा चौकोन आहे पण मला जे कित्येक महिने कळत नव्हतं ते त्या चार ओळींनी कळलं म्हणून एवढं लिहितेय.

झालं काय होतं, मी आधी एका ॲपवर शिकत होते (नाव लिहीत नाही), त्यात आज्ञार्थाचा एक धडा होता आणि त्या धड्यात फक्त 'तू'ला द्यायचे हुकूम होते. आब्ला म्हणजे बोल, कोमे म्हणजे खा, एस्क्रीबे म्हणजे लिही. (स्पॅनिशमध्ये ह उच्चारत नाहीत आणि व चा उच्चार ब च्या जवळ जातो, म्हणून मी इथे सगळं ऐकू येतं तसं लिहितेय.) धडा झाला, बॅज मिळाला, मला वाटलं आलं की हे! मग ऑनलाइन बोलायचा सराव सुरू केला, टीचर बुएनोस आइरेसच्या, आणि पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या 'रेपेती', मग 'देसीमे', मग 'पोने' काहीतरी, आणि मी नुसती बघत राहिले कारण मला माहीत होतं ते रेपीते (परत म्हण), दीमे (मला सांग) आणि पोन (ठेव). त्यात पोने तर मला 'तो ठेवतो' असं ऐकू आलं, कारण वर्तमानकाळात ते खरंच तसंच रूप आहे, फक्त जोर पहिल्या अक्षरावर असतो आणि त्या शेवटच्या अक्षरावर देत होत्या. म्हणजे त्या मला 'ठेव' म्हणत होत्या आणि मी मनात 'कोण ठेवतो?' विचारत होते.

तास संपल्यावर मी अकादेमियाच्या डिक्शनरीत पोनेर उघडलं. तळाचा चौकोन बघितला आणि पहिल्याच ओळीत 'तू / बोस' असं लिहून पुढे दोन रूपं शेजारी शेजारी, पोन आणि पोने. बस्स, एवढंच. अर्जेंटिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागात जवळच्या माणसाला तू न म्हणता बोस म्हणतात आणि त्या बोसचा हुकूम वेगळा असतो. हे ॲपने मला कधीच सांगितलं नव्हतं आणि डिक्शनरीने एका तिरप्या रेघेत सांगितलं.

त्याच्या खालच्या ओळी उस्तेद, बोसोत्रोस आणि उस्तेदेस. उस्तेद म्हणजे एका माणसाला आदराने, बोसोत्रोस म्हणजे स्पेनमध्ये जवळच्या अनेकांना, उस्तेदेस म्हणजे अनेकांना आदराने. लॅटिन अमेरिकेत मात्र बोसोत्रोस रोजच्या बोलण्यात नाहीच, तिथे अनेक जण म्हटले की मित्र असोत नाहीतर मंत्री, सगळ्यांना उस्तेदेस. आपलं 'तुम्ही' एकटंच आदर पण सांभाळतं आणि गर्दी पण सांभाळते, तिकडे त्याच कामाला तीन माणसं ठेवलीत असं समजा.

मला हा चौकोन एवढा का आवडला तर तो तुम्हाला आधी 'कुणाला?' हा प्रश्न विचारायला लावतो. हुकूम म्हणजे समोर माणूस आहे, माणसाशिवाय हुकूम नाहीच ना. आपल्याला तर हे जन्मापासून माहीत आहे, आजोबांना कुणी 'बस' म्हणत नाही, 'बसा' म्हणतो, आणि मोठा पाहुणा असेल तर 'बसावं'. इंग्लिशमधून स्पॅनिश शिकलं की हे सगळं एका 'यू'मध्ये बुडून जातं आणि मग ते परत शिकायला लागतं, मला तरी लागलं. मराठी माणसाने सरळ मराठीवरूनच शिकावं असं माझं आता ठाम मत झालंय.

बघा ना, उस्तेदचं रूप कसं बनतं. आब्ला (तू बोल) चं आब्ले (आपण बोला), कोमे चं कोमा, एस्क्रीबे चं एस्क्रीबा. स्पॅनिश क्रियापदाचं मूळ रूप आर, एर नाहीतर ईर ने संपतं; त्यातल्या आर वाल्यांचा आ जाऊन ए येतो, एर आणि ईर वाल्यांचा ए जाऊन आ येतो, उलटापालट. पण हे रूप मुळात हुकमाचं नाहीच, ते सबजंक्टिवचं आहे, म्हणजे 'त्याने बोलावं अशी इच्छा आहे' ह्यात जे रूप येतं ते. आता आपलं 'आपण बसावं' आठवा. बसावं हे सुद्धा आज्ञार्थ नाही, विध्यर्थ आहे! आदर दाखवायचा म्हणून सरळ हुकूम टाळून इच्छेचं रूप उसनं घ्यायचं ही युक्ती दोन्ही भाषांत आहे आणि त्यांचा एकमेकींशी ह्या बाबतीत काही संबंध नसताना आहे. मला हे कळलं त्या रात्री झोप नाही आली खरंच, उठून पाच-सहा क्रियापदं उघडून बघितली.

नकाराचंही तसंच. चौकोनात नकार दिलेला नाही, फक्त 'कर' आहे 'करू नको' नाही, पण आपल्याकडे 'बोल' चा नकार 'न बोल' होत नाही ना, 'बोलू नको' होतो, रूपच बदलतं. तिकडे पण आब्ला चा नकार 'नो आब्ला' होत नाही, 'नो आब्लेस' होतो, तेच सबजंक्टिव. एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला, हा रिव्ह्यू होकाराचा आहे.

आता ती आठ क्रियापदं, ज्यांची भीती सगळे घालतात. तू ला हुकूम द्यायचा नियम सोपा आहे, वर्तमानकाळातलं 'तो/ती'चं रूप घ्यायचं आणि तेच म्हणायचं. कान्ता म्हणजे 'ती गाते' आणि कान्ता म्हणजेच 'गा', फरक सुरात. दुएर्मे झोप, पीदे माग, बुएल्बे परत ये, मधला स्वर बदलणारी क्रियापदं पण ह्या नियमात बसतात. फक्त आठ बसत नाहीत. दी (सांग), आस (कर, स्पेनमध्ये आथ), बे (जा), पोन (ठेव), साल (नीघ), से (हो), तेन (घे, धर), बेन (ये). लोक ह्यांना अनियमित म्हणून पाठ करायला लावतात, पण मला ही आठ सगळ्यात आधी लक्षात राहिली कारण ही आपल्यासारखी आहेत! सांग, कर, जा, ठेव, ये, घे, हो, सगळी एका दमाची, शेपूट नसलेली, नुसता धातू. जी क्रियापदं सगळ्यात जास्त वापरली जातात ती झिजून छोटी होतात हे मराठीत पण दिसतंच. आणि एकदा ही आठ आली की त्यांची पिल्लं पण येतात, मान्तेनेर चं मान्तेन, प्रोपोनेर चं प्रोपोन, देसआसेर चं देसआस. फक्त देसीर (सांगणे, ज्याचं दी होतं) च्या घरातल्या काहींकडे लक्ष ठेवा, बेन्देसीर म्हणजे आशीर्वाद देणे, त्याचं बेन्दीसे होतं, बेन्दी नाही. हे मला डिक्शनरीतूनच कळलं, मी बेन्दी धरून चालले होते.

आणि ह्याच आठांचं बोसोत्रोसचं रूप बघा, देसीद, आसेद, ईद, पोनेद, सालीद, सेद, तेनेद, बेनीद. एकही वाकडं नाही, मूळ क्रियापदाचा शेवटचा र काढा आणि द लावा, झालं. अख्ख्या स्पॅनिशमध्ये ह्याला अपवाद नाही म्हणे आणि मी बरीच उघडून बघितली, मला तरी सापडला नाही.

आता गंमत बघा, हे टेबल समोर असल्याशिवाय मला कधीच दिसलं नसतं. बोसोत्रोसच्या रूपातला शेवटचा द कापा. देसीद चं देसी, पोनेद चं पोने, बेनीद चं बेनी, आब्लाद चं आब्ला शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. हेच तर बोसचं रूप! माझ्या अर्जेंटिनाच्या टीचर जे बोलत होत्या ते सगळं ह्याच एका कात्रीने निघतं. आणि ते उगाच नाही, बोस हे मुळात स्पेनमध्ये आदराचं सर्वनाम होतं, बोसोत्रोस त्याच्यातूनच निघालं, पुढे स्पेनमध्ये बोस मागे पडलं आणि अर्जेंटिना-उरुग्वेकडे ला प्लाता नदीकाठी ते घरातलं, जवळच्या माणसाचं सर्वनाम होऊन राहिलं. त्यामुळे रूपं नातेवाईक आहेत. फक्त ईर म्हणजे जाणे ह्याला ही कात्री चालत नाही, ईद मधून द काढला तर नुसतं ई उरतं, ते कोणी म्हणत नाही, 'जा' म्हणायला आन्दा म्हणतात, ते दुसऱ्याच क्रियापदाचं आहे.

मी टीचरना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की आम्ही लहानपणापासून बोलतो पण असं कापून कधी बघितलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

उस्तेदच्या वाकड्या रूपांसाठी पण टेबलच वापरा, फक्त तळाला जायच्या आधी एक नजर वर 'मी'च्या रूपावर टाका. दीगो म्हणजे मी सांगतो, त्यावरून दीगा. तेंगो वरून तेंगा, पोंगो वरून पोंगा, साल्गो वरून साल्गा, कोनोस्को वरून कोनोस्का. ह्या वाटेने न येणारी मोजकीच, बाया (जा), सेआ (हो), सेपा (जाणून घ्या), एस्ते (राहा) आणि दे (द्या). शेवटचं दे तर आपल्या कानाला उलटंच, आपलं दे तू ला आणि द्या मोठ्यांना, त्यांचं दा तू ला आणि दे मोठ्यांना. मी आठवडाभर हे उलटं बोलत होते.

ही उस्तेदची रूपं पुस्तकी आहेत असं समजू नका, रस्त्यावर तीच जास्त दिसतात. स्पेनमध्ये 'आधी दुसऱ्याला जाऊ द्या' ह्या त्रिकोणी पाटीवर सेदा एल पासो असतं, सेदा हा उस्तेदचा हुकूम. दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच देशांत थांबायच्या लाल पाटीवर पारे लिहितात, तो पण उस्तेदचाच. (मेक्सिकोत आल्तो लिहितात, ते क्रियापद नाही.) दारावर एम्पूखे म्हणजे ढकला, आणि ओढा ला स्पेनमध्ये तीरे तर मेक्सिकोत खाले. स्पेनमध्ये फोन उचलला की दीगा किंवा दीगामे म्हणतात, म्हणजे 'बोला'! आपण पण फोनवर 'हां बोला' म्हणतोच की. मेक्सिकोत नीट ऐकू आलं नाही की मान्दे म्हणतात, शब्दशः 'आज्ञा करा', कोलंबियात बोगोताकडे दारात आलेल्याला सीगा म्हणतात म्हणजे 'या आत'. आणि बोगोतात उस्तेद फक्त परक्यांना नाही, घरातल्या माणसांना, भावंडांना पण म्हणतात, त्यामुळे उस्तेद म्हणजे अंतर असं गणित तिथे लागू होत नाही.

काही हुकूम तर आता हुकूम राहिलेच नाहीत. मीरा म्हणजे बघ, पण लोक ते आपल्या 'हे बघ' सारखं वापरतात, बघायचं काहीच नसतं, नुसतं बोलणं सुरू करायचं असतं. मोठ्यांना तेच मीरे, 'हे बघा'. ओये म्हणजे ऐक, 'ए ऐक ना'. बामोस म्हणजे 'चला' आणि अगदी आपल्या चला सारखंच, निघताना पण, काम सुरू करताना पण. स्पेनमध्ये बेंगा, मूळ अर्थ 'यावं', पण वापर 'चल रे, हो की, बरं बरं' ह्या सगळ्यासाठी. मराठीतलं 'चल' कुठे कुठे जातं त्याचा विचार करा म्हणजे बेंगा लगेच कळेल, समजावून सांगायची गरज नाही.

अजून एक, हुकूम दिला म्हणजे उद्धट झालं असं नाही. इंग्लिशची सवय असलेले लोक स्पॅनिशमध्ये सगळीकडे 'तुम्ही करू शकाल का' असं लांबण लावतात. स्पेनच्या बारमध्ये 'पोनमे उन काफे' म्हणजे 'मला एक कॉफी दे' असं सरळ म्हणतात आणि ते साधं बोलणं आहे, सुरात गोडवा असला की पुरे. कोलंबियात मात्र त्याच जागी रेगालेमे म्हणतील, शब्दशः 'मला भेट द्या', आणि पैसे देतातच. आपल्याकडे पण 'जरा ते पुस्तक दे' मध्ये तो 'जरा' च सगळी विनंती करतो, क्रियापद हुकमाचंच राहतं.

आता डिक्शनरीत जे नाही ते. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे चिकटवलेली सर्वनामं तिथे नाहीत. होकारी हुकमात 'मला', 'ते', 'त्याला' हे सगळं क्रियापदाच्या मागे चिकटतं, दी चं दीमे (मला सांग), मग दीमेलो (मला ते सांग), आपल्याला तीन शब्द लागतात त्यांचा एकच. दा चं दामेलो, आणि 'त्याला ते दे' म्हणायला दालेलो होत नाही, ले चं से होऊन दासेलो होतं. शेपूट लांबलं तरी बोलताना जोर मूळ जागीच राहतो, म्हणून लिहिताना बऱ्याचदा स्वराच्या डोक्यावर जोर दाखवणारी छोटी तिरपी रेघ द्यावी लागते, कोम्प्रा ला नाही पण कोम्प्रालो ला आहे. बोसचं बरोबर उलटं, देसी ला रेघ आहे पण देसीमे ला नाही. 'बस' हे तर कायम शेपटीसकटच येतं, तू ला स्येन्ताते, बोसला सेन्ताते, उस्तेदला स्येन्तेसे, आणि बोसोत्रोसला सेन्ताद चा द गळून सेन्ताओस. ह्यातलं काहीही चौकोनात मिळणार नाही, तिथे फक्त स्येन्ता आणि मंडळी. मी ह्यासाठी इंग्लिश विक्शनरी उघडते, तिथे स्पॅनिश क्रियापदाच्या पानावर जोडलेल्या रूपांचं वेगळं टेबल आहे, पण ती रूपं मशीनने बनवलेली असल्यामुळे काही काही अशी असतात की कुणी बोलतच नाही, तेवढं डोळसपणे बघा.

'आपण करूया' पण चौकोनात नाही. आब्लेमोस म्हणजे बोलूया, ते वरच्या सबजंक्टिवच्या भागातून उचलायचं. ईर चं मात्र 'जाऊया' ला बामोस, आणि शेपूट लावलं की मधला स गळून बामोनोस. सेन्तेमोनोस (बसूया) मध्ये पण तसंच.

बाकी तक्रारी किरकोळ. सगळं स्पॅनिशमध्ये आहे, नवीन माणसाला सुरुवातीला दडपण येतं, पण टेबलात वाचायचं असतंच किती. उच्चार ऐकायची सोय नाही, ते दुसरीकडून घ्या. नोंदणी नाही, पैसे नाहीत. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या शेपट्यांसाठी कापला.

अडलं की त्यांचाच शंकांचा वेगळा कोश आहे, स्पॅनिश बोलणाऱ्या सगळ्या देशांच्या अकादम्यांनी मिळून केलेला, पहिली आवृत्ती 2005 ची, तो पण फुकट आहे. त्यात इम्पेरातीबो शोधून वाचा. स्पेनमधले लोक बोसोत्रोसला आब्लाद न म्हणता सर्रास आब्लार म्हणतात, द च्या जागी र, ते अकादमीला मान्य नाही, पण 'निघा तुम्ही' ह्या अर्थाचं ईदोस कुणीच बोलेना, सगळे ईरोस म्हणायला लागले तेव्हा 2017 मध्ये त्यांनी तेवढं एक रूप मान्य केलं. लोकांनी बोलून बोलून करून घेतलं ते.

आणि तिथूनच वाचत वाचत मी एका जागी पोचले जे अजून डोक्यातून जात नाहीये. साल म्हणजे नीघ, बाहेर ये. त्याला ले हे शेपूट लावलं की होतं साल-ले, म्हणजे 'त्याच्या समोर जा, त्याला सामोरा जा'. बोलता येतं. पण लिहायला गेलं की दोन एल शेजारी येतात आणि स्पॅनिशमध्ये दोन एल मिळून य सारखा वेगळाच उच्चार होतो, म्हणजे वाचणारा 'साये' वाचणार. मध्ये रेघ मारायची किंवा तोडून लिहायची तर सर्वनाम चिकटवूनच लिहायचा नियम मोडतो. अकादमीचं ह्यावर उत्तर असं की हे रूप लिहिता येत नाही. तोंडाने द्या हुकूम, लिहायचं असेल तर वाक्य फिरवा.